आज मी कुणाच्या जागी?

शनिवारी दुपारी एक वाजता कीथ ऑल्डरशॉ ड्रेसिंग रूमच्या दारात उभा असायचा. आत यायचा नाही. खांद्याला बॅग, अंगात ओला रेनकोट आणि नजर भिंतीवरच्या खुंट्यांकडे. फुटबॉल क्लबचे कपडे आणि सामान सांभाळणारा म्हातारा आर्थर एकेक शर्ट झटकून खुंटीला अडकवत असायचा, एक ते अकरा, ओळीने. त्या काळात नंबर खेळाडूचा नसे, जागेचा असे. एक म्हणजे गोली, पाच म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा सेंटर हाफ, नऊ म्हणजे गोल मारणारा. इतर खेळाडू आले की सवयीने आपापल्या खुंटीखाली जाऊन बसत. कीथ मात्र आर्थरचं काम संपेपर्यंत थांबायचा आणि मग विचारायचा, "हू ॲम आय इन फॉर टुडे?" म्हणजे, आज मी कुणाच्या जागी?

आर्थर यादी पाहून सांगायचा, "आज तू तीन, डक." इंग्लंडातल्या आमच्या भागातली जुनी माणसं सगळ्यांनाच प्रेमाने 'डक' म्हणतात, सहा फुटी बाप्यालासुद्धा. मग कीथ तीन नंबरखाली बसून बूट बांधायला लागायचा. पुढच्या शनिवारी तो आठ असायचा, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. एकाच क्लबाच्या मुख्य टीममध्ये बारा वर्षं काढली त्याने, पण लागोपाठचे चार शनिवार एका खुंटीखाली बसलेला मी त्याला पाहिला नाही.

मी त्या क्लबचा डॉक्टर कसा झालो तेही सांगून टाकतो. मिरजेहून डिग्री घेऊन आलो आणि दोन-तीन गावं फिरून नॉटिंगहॅमपासून तासाभरावरच्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात हाडांच्या विभागात चिकटलो. खरं तर क्लबचे मानद डॉक्टर आमचे कन्सल्टंट साहेब. पण शनिवारी त्यांचं गोल्फ असे. "तुम्ही जाल का?" असं त्यांनी एकदा विचारलं, मी हो म्हणालो आणि पुढची कितीतरी वर्षं जात राहिलो. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी क्रिकेटवाला माणूस. चौथ्या डिव्हिजनमधला आमचा क्लब, पत्र्याचं छप्पर, समोर चिखल, आणि कुणी पडलं की बादली-स्पंज घेऊन धावणारा फिजिओ. त्याच्या मागून ओव्हरकोट सावरत मी.

पहिल्याच दिवशी कीथने मला दारात गाठलं. "नवीन डॉक्टर का?"

मी म्हटलं, "नाही, मी आपला साहेबांच्या बदली आलोय."

तो हसला आणि थोडा बाजूला सरकला. "मग या, उभे राहा इथे. ही आपली जागा."

त्याचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे त्याला सगळं येत होतं, आणि त्याचं सगळं नुकसानही त्याच गुणाने केलं. डावीकडचा बॅक आजारी? कीथ. मधल्या फळीतला पोरगा सस्पेंड? कीथ. बॅगेत बुटांबरोबर गोलीचे जुने हातमोजे कायम असायचे, कारण तेव्हा राखीव गोली नेण्याची पद्धतच नव्हती. एका जानेवारीत, धड पाऊसही नाही आणि बर्फही नाही अशा हवेत, आमच्या गोलीचं कॉलरबोन मोडलं. मी त्याचा हात गळ्यात बांधत होतो तेवढ्यात कीथने बाहेर येऊन मोजे चढवले. पुढचा तासभर हा पाच फूट दहा इंचांचा माणूस गोलात उभा राहिला आणि एकच गोल खाऊन परत आला. गावच्या पेपरात दुसऱ्या दिवशी त्याला 'आमचा भरवशाचा युटिलिटी मॅन' म्हटलं होतं. कात्रण मी त्याला दाखवलं तर म्हणाला, "युटिलिटी म्हणजे गॅस, वीज, पाणी. बंद पडल्याशिवाय कुणाला आठवत नाहीत, डॉक."

त्या मॅचनंतर मी त्याला आणि त्याची बायको मॉरीनला घरी जेवायला बोलावलं. शैलाने, माझ्या बायकोने, वरण-भात, बटाट्याची भाजी आणि पोळ्या केल्या होत्या. सगळे बसले तरी हा आपला खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभाच.

शैला मला हळूच म्हणाली, "अहो, बसायला सांगा ना त्याला. काही चुकलं का आपलं?"

मी खूण केली तेव्हा कीथने अगदी गंभीरपणे विचारलं, "ही कुणाची जागा आहे?"

"कुणाची नाही. पाहुण्यांची."

आमची मीनल तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणाली, "कीथ अंकल, यू कॅन हॅव माइन." आणि खरंच उठायला लागली. कीथने तिला खाली बसवलं. पण त्या रात्री लिंबाचं लोणचं वरणात कालवून खाताना त्याने मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही. तो मुळात सेंटर हाफ. पाच नंबर. शाळेत, कौंटीच्या मुलांच्या टीममध्ये, शिकाऊ म्हणून क्लबात आला तेव्हाही पाचच. "तिथून सगळं मैदान समोर दिसतं," तो म्हणाला. "मागे फक्त आपला गोली. दुसऱ्या कुठल्याही जागेवर अर्धा खेळ पाठीमागे चालू असतो, आणि आपण कान टवकारून धावत असतो." मग एका आठवड्यात राइट बॅकला गालगुंड झालं आणि मॅनेजरने त्याला विचारलं, एवढी एक मॅच निभावशील का. त्याने निभावली. तीच चूक झाली, असं मॉरीन म्हणाली. कीथने पोळी मागितली.

दर उन्हाळ्यात मॅनेजर त्याला सांगायचा, येत्या सीझनला पाच नंबर तुझा. माझ्या डोळ्यांदेखत तीन मॅनेजर आले आणि गेले, पण हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होतं. ते खोटं बोलत होते असंही नाही. जून-जुलैत त्यांना खरंच तसं वाटायचं. ऑगस्ट उजाडला की कुठून तरी एक आडदांड सेंटर हाफ विकत आणला जायचा, कारण पाच नंबर खेळणारा बाहेर मिळत होता, सगळीकडे खेळणारा मिळत नव्हता. कीथला क्लबने इतकं जपून ठेवलं होतं की त्याला हवी ती एकमेव गोष्ट देणं त्यांना परवडत नव्हतं.

हे सगळं मला फार चांगलं समजत होतं. हॉस्पिटलात माझंही तेच चाललं होतं. कुणी रजेवर गेला की त्याची क्लिनिक मी करायची, कुणी कॉन्फरन्सला गेला की त्याचं ऑपरेशन थिएटर मी सांभाळायचं. ड्यूट्यांची रोटा बनवणारी ब्रेंडा फोन करायची, "डॉक्टर, बुधवारी मिस्टर अमुकच्या जागी?" आणि वाक्य संपायच्या आत मी हो म्हणायचो. "यू आर अ स्टार, डॉक्टर," ती म्हणायची. कन्सल्टंटच्या पोस्टसाठी तीनदा मुलाखत दिली. तिन्ही वेळा पॅनेल माझ्याशी फार प्रेमाने बोललं आणि तिन्ही वेळा पत्र दुसऱ्याला गेलं. शैला म्हणायची, "अहो, एकदा तरी नाही म्हणून बघा." मी म्हणायचो, नाही म्हटलं तर पुढच्या वेळी विचारणार नाहीत. विचारलं जाण्यालाच मी किंमत समजत होतो. कीथला एकदा हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. "यादीत नाव आहे ना डॉक, मग झालं," असं म्हणाला, पण हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

आता त्या गुडघ्याबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी ते टाळतोय.

उजवा गुडघा. पहिल्यांदा सुजला तेव्हा कीथ दोन नंबरला खेळणार होता, कारण दोन नंबरवाल्याची बायको बाळंत होत होती. मॅनेजरने दारातून डोकं आत घातलं. "डॉक, होईल ना?" मी उत्तर देण्याआधी टेबलावर आडवा पडलेला कीथच म्हणाला, "होईल." मी पाणी काढलं, भूल आणि कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. तो नव्वद मिनिटं धावला. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं, हे खरं आहे. ते माझ्या बचावाचं वाक्य आहे, हेही खरं आहे. दुसरं इंजेक्शन सहा नंबरसाठी दिलं, तिसरं अकरासाठी. चौथ्या वेळी मी म्हटलं होतं, "कीथ, आता पुरे." पण त्या दिवशी फ्लूने निम्मी टीम झोपली होती आणि मॅनेजर दारात हात जोडल्यासारखा उभा होता. दिलं. पाचवंही दिलं. सहावं दिलं तेव्हा कीथ छताकडे बघत म्हणाला, "बघा, पाय माझा आणि नंबर दुसऱ्याचा." आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या जुलैत आमचा पाच नंबरवाला वरच्या डिव्हिजनमधल्या एका क्लबने नेला आणि त्याच्या बदली कुणाला आणणं क्लबला जमलं नाही. नवीन मॅनेजरने सीझन सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं, शनिवारी पाच नंबर कीथ, आणि पुढेही कीथच. तेहेतिसाव्या वर्षी. मॉरीनने शैलाला फोन करून सांगितलं. त्याचे वडील, ज्यांना चालताना धाप लागायची, ते त्या दिवशी गोलाच्या मागच्या पायरीवर येऊन बसणार होते.

गुरुवारी गुडघा पुन्हा भरला. मी पाणी काढलं तर त्यात रक्त होतं. एक्स-रे काढला. तेहेतीस वर्षांच्या माणसाच्या गुडघ्यात सत्तरीचं हाड होतं. कूर्चा उरलीच नव्हती, एक तुकडा सुटून सांध्यात फिरत होता. मी एक्स-रे दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बसलो.

शनिवारी मी पोचलो तर कीथ दारात नव्हता. मला क्षणभर वाटलं, आलाच नाही. आत पाहिलं तर तो पाच नंबरखाली बसलेला. आर्थरच्याही आधी येऊन बसला होता म्हणे. बाहेर लख्ख ऊन होतं, गवत नवीन होतं, भिंतीला रंग दिलेला. त्याने शर्ट घातला होता आणि बूट बांधायचे राहिले होते, कारण गुडघा वाकत नव्हता.

फिजिओच्या खोलीत तो टेबलावर चढला. "एक शेवटचं, डॉक."

मी म्हटलं, "नाही."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी त्याला एक्स-रेचं सगळं सांगितलं. आज खेळलास तर चाळिशीत काठी लागेल, असंही सांगितलं. मॅनेजर दारात आला आणि मी मान हलवली. त्याने "अरेरे, बॅड लक, कीथ" म्हटलं आणि तो निघून गेला. राखीव टीममधला एक अठरा वर्षांचा धडधाकट मुलगा तयारच होता. कुणी हात जोडले नाहीत. कुणी "होईल ना?" म्हणालं नाही.

आणि इथेच माझी खरी चूक आहे. माझं 'नाही' हे वैद्यकशास्त्राप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं. पण आधीच्या सहा वेळीही ते बरोबरच असतं. तेव्हा मॅनेजरला हवं होतं, क्लबला हवं होतं, म्हणून तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. त्या दिवशी एकट्या कीथला हवं होतं, आणि एकट्या कीथला नाही म्हणणं सोपं होतं.

तो टेबलावरून उतरला. ड्रेसिंग रूममध्ये गेला, अंगातला शर्ट काढला, नीट झटकला आणि पाचच्या खुंटीला परत अडकवला, नंबर बाहेर येईल असा. मग आर्थरला विचारलं, "आज माझ्या जागी कोण?"

बारा वर्षांत हा प्रश्न त्याने एकदाच विचारला. आर्थरने त्या मुलाचं नाव सांगितलं आणि तो कपाटात काहीतरी शोधायला लागला. कपाटात काही नव्हतं. बाहेर पायरीवर कीथचे वडील कोट घालून बसले होते. कीथ लंगडत त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि मॅच संपेपर्यंत तिथेच होता.

तो पुन्हा खेळला नाही. ऑपरेशन झालं, माझ्याच हॉस्पिटलात, पण माझ्या हातून नाही. त्याने दुसरा सर्जन मागितला होता. पुढे तो कौन्सिलमध्ये लागला, शाळांचा रिलीफ केअरटेकर म्हणून. ज्या शाळेचा केअरटेकर आजारी पडेल तिथे जाऊन बॉयलर पेटवायचा, दारं उघडायची, अंगण झाडायचं. मीनलच्या शाळेतही तो एकदा पंधरा दिवस होता. तिने घरी येऊन आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं, "बाबा, कीथ अंकल खूप लंगडते. आय सेड हॅलो. त्याने विचारलं, डॉक कशी आहे?" मीही त्याला भेटायला जाईन म्हणालो. गेलो नाही. ख्रिसमसला मॉरीनच्या अक्षरात कार्ड यायचं, दोघांच्या नावाने. क्लबचं काम मी सोडलं. साहेबांनी दुसरा कुणी शोधला.

सहा-सात वर्षांनी एका सकाळी वॉर्ड राउंडला माझा एक ज्युनिअर म्हणाला, वरच्या मजल्यावर एक जुना फुटबॉलर ॲडमिट आहे, पोटाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये गेलाय, तुमचं नाव घेत होता. मी जिने चढून गेलो. लिफ्ट होती, पण मला वेळ हवा होता.

खिडकीजवळच्या पलंगावर तो होता. शरीर निम्मं झालं होतं, हातांचे पंजे तेवढे तसेच, गोलीच्या मोज्यांत बसणारे. मला पाहून हसला. "डॉक, आज कुणाच्या जागी आलात?"

"कुणाच्या नाही. मीच आलोय."

"मग बसा," तो म्हणाला.

मी बसलो. मॉरीन चहा आणायला गेली. बराच वेळ आम्ही त्याच्या वडिलांबद्दल बोललो, आर्थरबद्दल बोललो. शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, "कीथ, त्या शनिवारी मी ते इंजेक्शन द्यायला हवं होतं का?"

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "नाही. त्या दिवशी तुम्ही बरोबर केलंत. आधीच्या सहा वेळी नाही म्हणायला हवं होतं. मला म्हणता येत नव्हतं, डॉक. मला वाटायचं, तुम्ही म्हणाल."

रागाने म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो अगदी नेहमीच्या आवाजात बोलला. मला रडू आलं. वॉर्डात, गळ्यात स्टेथोस्कोप घालून, नर्सेसच्या समोर मी रडलो. त्याने माझा हात धरला आणि समोरच्या पलंगावरच्या माणसाची ओळख करून दिली, म्हणजे माझं तोंड तिकडे वळलं आणि मला सावरायला वेळ मिळाला. दुसऱ्याची उघडी पडलेली बाजू झाकायला धावून जाणं त्याच्या अंगातच होतं, ते मरतानाही गेलं नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी तो गेला. त्या अकरा दिवसांत मी रोज वर जात होतो.

मॉरीनने बुधवारी दुपारी फ्युनरल ठेवलं. शवपेटी उचलायला कुणाकुणाला बोलवायचं, हे तो सांगून गेला होता, आणि त्या सहा नावांत एक माझं होतं. मंगळवारी संध्याकाळी मी काळा कोट कपाटातून काढत होतो तेवढ्यात फोन वाजला. ब्रेंडा होती. "डॉक्टर, उद्या दुपारची मिस्टर अमुकची क्लिनिक. तुम्ही त्यांच्या जागी..."

मी म्हटलं, "नाही."

इतक्या वर्षांत तिने माझ्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. ती घाबरून म्हणाली, "डॉक्टर, तुमची तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे, ब्रेंडा," मी म्हटलं. "उद्या एका मित्राला खांदा द्यायचाय. तिथे माझ्या जागी दुसरं कुणी चालणार नाही."